खारेपाटाची सामुदायिक प्रतिभा

एखादी कृती समोर आली की ती काय आहे हे पाहण्यापूर्वी ती कोणाची आहे हे विचारण्याची आमच्या टीकाकारांस फार जुनी खोड आहे. काव्य असो, देवालय असो, की लोकांचा एखादा लढा असो, त्यावर एका व्यक्तीचे नाव लागल्यावाचून आमचे समाधान होत नाही. नाव सापडले म्हणजे चरित्र लिहिता येते, गुणदोषांची वाटणी करिता येते, पुण्यतिथीही साजरी होते. नाव न सापडले तर ती कृती 'लोकपरंपरा' नावाच्या कोठीत टाकून आम्ही मोकळे होतो. तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांस आमच्या वाङ्मयेतिहासात मानाचे पान आहे, आणि ते असावे हे योग्यच. परंतु कुलाब्याच्या किनाऱ्यावर आगरी लग्नात धवलारीण जो धवला गाते, तिच्या गाण्यावाचून त्या लग्नाचे विधीच पुरे होत नसत, त्या धवल्याची आठवण आमच्या टीकाग्रंथांस क्वचितच होते. त्याचा अपराध एवढाच की, तो पुष्कळांनी मिळून रचिला.

या खोडीचे मूळ काही अंशी आमच्या इंग्रजी विद्येत आहे. कार्लाइलची विभूतिपूजेवरील व्याख्याने १८४१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे, ही समजूत इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या अंगवळणी पडली. उलट जर्मनीत वुल्फ या पंडिताने १७९५ साली होमरची काव्ये एकट्याची नव्हेत असा वाद उपस्थित केला आणि पुढे ग्रिम बंधूंनी लोकच काव्य रचितात असे प्रतिपादन केले. हे दोन्ही पक्ष आम्हांस अपुरे वाटतात. पहिल्या पक्षास समुदाय दिसतच नाही. दुसऱ्यास तो दिसतो, पण धुक्यातील डोंगरासारखा, आकारावाचून. अनेक माणसे एकत्र येऊन एखाद्या अडचणीतून नवी वाट कशी काढितात, त्यांची बुद्धी एकमेकींस कशी जोडली जाते, या प्रश्नास दोघांपाशीही उत्तर नाही. ते उत्तर आमच्याच किनाऱ्यावर चिखलात उभे आहे असे आम्हांस वाटते. म्हणून तिकडे वाचकांचे लक्ष वेधावे असा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, पेण व अलिबाग तालुक्यांचा जो भाग धरमतरच्या खाडीस व तिला मिळणाऱ्या अंबा नदीस लागून आहे, त्यास खारेपाट म्हणतात. मुंबईहून अलिबागेस मोटारीने जाणाऱ्या प्रवाशास वडखळ सोडल्यावर दोन्ही बाजूंस जी सपाट भातशेती दिसते, ती त्यास निसर्गदत्त वाटते. वस्तुतः ती माणसाने समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या कडेने मातीचा व चिखलाचा लांबच लांब बांध घालावयाचा, त्याच्या आतील भूमीवरून काही पावसाळे गोडे पाणी वाहू द्यावयाचे, म्हणजे मीठ हळूहळू धुऊन जाते आणि राता भातासारखे खारटपणा सोसणारे पीक तेथे उभे राहते. या बाहेरच्या बांधास तिकडे बाहेरकाठा म्हणतात. त्यात जागोजाग उघाड्या असतात. भरतीच्या पाण्याने उघाडीची झडप दाबली जाऊन मिटते आणि ओहोटीस आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने तीच उघडते. समुद्राच्याच जोराने समुद्रास बाहेर ठेवणारी ही योजना पाहून कोणत्याही स्थापत्यशास्त्रज्ञास आनंद व्हावा. ती प्रथम कोणी योजिली हे कोणीही सांगू शकत नाही.

परंतु खरे कौशल्य बांध घालण्यापेक्षा तो राखण्यात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास या किनाऱ्यावर पाणी बारा-पंधरा फुटांनी चढते व उतरते. खेकड्याचे एखादे बीळ, एखादी वाळलेली भेग, एवढेही पाण्यास पुरते. एका ठिकाणी खांड पडली की पुढच्या भरतीस ती दुप्पट रुंद होते आणि आत शिरलेले खारे पाणी केवळ त्या हंगामाचे पीक घेऊन जात नाही, तर पुढची दोन-तीन वर्षे जमीन नापीक करून ठेविते. भरती दिवसातून दोनदा येते. काठ्याबाहेरचा चिखल उघडा पडून हाती लागावा असा अवधी दोन भरत्यांमध्ये चार-सहा तासांहून अधिक नसतो. एवढ्या अवधीत खांड दिसली पाहिजे, बातमी गावभर गेली पाहिजे, माणसे जमली पाहिजेत आणि हातोहात चिखलाचे गोळे जाऊन पाण्यापूर्वी तोंड बंद झाले पाहिजे. येथे हुकुमाची वाट पाहणारा मनुष्य निरुपयोगी आहे. आणि एकटा मनुष्य, मग तो कितीही शूर वा बुद्धिमान असो, त्याहून निरुपयोगी आहे.

या अडचणीचे जे उत्तर खारेपाटाने काढिले, त्यासच आम्ही सामुदायिक प्रतिभा म्हणतो. ज्याची जमीन काठ्याच्या आत, त्याचा हात काठ्यावर, हा त्यातील पहिला नियम. खांड कोणाच्याही शेतापुढे पडो, ती सर्वांची, हा दुसरा. पाणी आत आल्यावर ते माझे शेत व तुझे शेत असा भेद करीत नाही, या अनुभवातून हा नियम निघालेला आहे. आणि ज्यास प्रथम दिसले त्यानेच हाक घालावी, त्यासाठी कोणाची परवानगी नको, हा तिसरा. या तीन साध्या गोष्टींत ज्ञानाची वाटणीही आपोआप होऊन जाते. कोणत्या वळणावर प्रवाह धडकतो हे होडीवाल्यास ठाऊक, कोठली माती धरते हे म्हाताऱ्यास ठाऊक, कोठे खेकडे माजले आहेत हे पोरांस ठाऊक. काठा उभा राहतो तो या विखुरलेल्या ज्ञानाच्या बेरजेवर. अशी बेरीज घडवून आणणारी व्यवस्था शोधून काढणे हे, आमच्या मते, उत्तम वृत्त शोधून काढण्याइतकेच निर्मितीचे काम आहे.

ही व्यवस्था केवळ भावनेची नव्हती, तिला हिशोबही होता. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदांत या जमिनींच्या धारणेस शिलोत्री असे नाव आढळते आणि तिचे तीन प्रकार दिसतात. कोठे एका धनिकाने खार बांधून काढिली, तो तिचा मालक झाला आणि काठ्याच्या दुरुस्तीपायी कुळांकडून बिघ्यामागे मणभर भात घेऊ लागला. कोठे शेतकऱ्यांनीच मिळून खार उठविली व काठा सामाईक श्रमाने राखिला. कोठे सरकार मालकाच्या जागी होते व सरकारी माणसे दुरुस्ती करीत. धनी, मंडळी आणि सरकार हे तीनही मार्ग एकाच खाडीवर शेजारी शेजारी नांदत होते. तेव्हा सामुदायिक मार्ग हा आदिम अज्ञानाचा अवशेष होता असे म्हणण्यास जागा नाही. इतर मार्ग डोळ्यांसमोर असताना निवडलेला तो एक मार्ग होता.

आता याच भूमीतील दुसऱ्या कृतीकडे वळू. खारेपाटातील पुष्कळशी जमीन खोतांकडे होती. कुळाने राबावे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जावा, त्याखेरीज वेठ व नानाविध वसुली व्हावी, असा क्रम होता. कुळाची अडचण बांधावरच्या एकट्या माणसासारखीच होती. त्याने एकट्याने नकार द्यावा तर खोताने जमीन शेजाऱ्यास द्यावी. म्हणजे नकाराची शिक्षा एकट्यास आणि लाभ कोणासच नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे भरलेल्या सभेत शेतकऱ्यांनी या कोड्याचे उत्तर दिले: कोणीच नांगर धरावयाचा नाही, आणि दुसऱ्याने सोडलेली जमीन कोणीच घ्यावयाची नाही. पंचवीस गावांनी हा शब्द दिला आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, तो पाळिला. इतिहासात तो चरी-कोपरचा संप म्हणून ओळखला जातो. इतका दीर्घ शेतकरी संप आपल्या देशात अन्यत्र सहसा आढळत नाही.

सहा वर्षे पीक नाही, तर माणसे जगली कशी? डोंगरातील लाकूडफाटा विकून, खाडीत मासे व खेकडे धरून, मिळेल ती मजुरी करून. या ओळी लिहिण्यास सोप्या आहेत. पण प्रत्येक पावसाळ्यात ओल्या जमिनीकडे पाहत घरी बसणे हे शेतकऱ्यास किती जड जात असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. संपाचा निर्णय सभेत एकदाच झाला खरा, परंतु तो पंचवीस गावांतील प्रत्येक चुलीपाशी रोज नव्याने करावा लागत होता; आणि चूल ज्या स्त्रिया सांभाळीत होत्या, त्यांच्या निर्धारावाचून तो एक महिनाही टिकला नसता. बांधावरचा नियम येथे शेतावर आला असे आम्हांस दिसते. एका घराने कबुलायत लिहून दिली की ती खांड, आणि ती सर्वांची खांड. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीने वागावे लागले, तीच रीत खोताशी वागताना कामास आली.

येथे कोणी म्हणेल, संपास नेता होता. मग कर्ता नाही असे कसे म्हणता? नारायण नागू पाटील यांचे नाव घेतल्यावाचून चरीचा उल्लेख करणे हा कृतघ्नपणा होईल. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांस एकत्र आणिले, १९३७ साली 'कृषीवल' पत्र सुरू करून त्यांस वाचा दिली. डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीच्या शेतकरी परिषदेस आले, १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडिले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कायदेमंडळावर गेला. १९३९ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा ही त्या मार्गावरील पुढची ठिकाणे होत. या पुरुषांचे ऋण मोठे आहे. परंतु नेत्याचे काम नेमके काय होते हे पाहिले पाहिजे. नेत्याने पंचवीस गावांच्या वतीने नांगर सोडिला नाही. तो त्यांनीच सोडिला. ज्या गोष्टीस ती माणसे परस्परांशी बांधली जाण्यास सिद्ध होती, ती गोष्ट त्याने उच्चारिली आणि एका गावाचा शब्द दुसऱ्या गावास ऐकू जाईल अशी सोय केली. काठ्यावर प्रथम हाक घालणाऱ्याचे जे स्थान, तेच येथे नेत्याचे. ते स्थान लहान नाही. पण हाकेलाच बांध समजणे ही टीकाकाराची चूक होय.

ही चूक आमच्या ललित वाङ्मयात कशी उमटली आहे ते पाहण्यासारखे आहे. कोकण म्हटले की सुशिक्षित वाचकाच्या मनात श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्या उभ्या राहतात. १९५२ च्या 'गारंबीचा बापू'मध्ये गावाविरुद्ध एकटा उभा राहणारा बापू आहे. १९८७ च्या 'तुंबाडचे खोत'मध्ये एका खोतघराण्याच्या पिढ्या आहेत. दोन्ही कृती आम्हांस प्रिय आहेत आणि त्यांच्या सामर्थ्याविषयी दुमत नाही. परंतु एकीत गाव म्हणजे नायकाची अडचण, आणि दुसरीत खोती म्हणजे खोताच्या घरातून दिसलेली खोती. कुळांच्या बाजूने, एका नायकावाचून, पंचवीस गावांनी मिळून जी कादंबरी प्रत्यक्ष जगून दाखविली, तिला आमच्या घरातील पुस्तकांच्या कपाटात तुंबाडशेजारी जागा मिळालेली नाही. वाङ्मयास व्यक्ती लागते, समुदायाचे चित्र रंगत नाही, असा आक्षेप यावर येईल. त्यास उत्तर वाङ्मयातच आहे. टॉलस्टॉयने 'युद्ध आणि शांती'मध्ये नेपोलियनसारख्या विभूतीस इतिहासाच्या प्रवाहावरचे बुजगावणे करून दाखविले. हाउप्टमानने १८९२ च्या 'विणकर' नाटकात सायलेशियातील १८४४ चे विणकरांचे बंड रंगविताना एकही नायक घेतला नाही, आणि ते नाटक युरोपभर गाजले. रंग भरत नाही तो विषयाचा दोष नसून, आमच्या पाहण्याचा आहे.

तथापि समुदायाचे स्तोत्र गाऊन थांबणे हे टीकाकाराचे काम नव्हे. या कृतीतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ज्याची जमीन त्याचा हात, या नियमात ज्यास जमीन नाही त्याचा शब्द कोठे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. श्रमात स्त्रिया पुढे आणि बैठकीत मागे, हेही खरे. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या एकीने काठा राखिला जातो, तीच एकी माणसास वाळीतही टाकिते. याच जिल्ह्यात महाड येथे सार्वजनिक तळ्याचे पाणी अस्पृश्यांस बंद ठेवणारा समाज एकजुटीनेच वागत होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा एका समुदायाच्या रूढीस दुसऱ्या समुदायाच्या संघटनेनेच उत्तर दिले. अलीकडेही रायगड जिल्ह्यातील गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे इतकी गाजली की, सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा समुदाय म्हणजे आपोआप सद्‌गुण नव्हे. तो कोणत्या नियमाने बांधला आहे यावर सारे अवलंबून आहे. खांड सर्वांची मानणारा नियम आणि तळे काहींचेच मानणारा नियम, यांतील अंतर हेच त्याचे मूल्यमापन.

'आपोआप' या शब्दाविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. वरून आज्ञा नसता जे घडते ते सहज घडते असा आमचा समज असतो. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनचे पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, सामाईक वस्तू लोक स्वतः दीर्घकाळ राखू शकतात. मात्र जेथे हद्द स्पष्ट आहे, नियम करण्यात राखणाऱ्यांचाच हात आहे आणि नियम मोडणाऱ्यास बेताची का होईना शिक्षा आहे, तेथेच. या कार्यासाठी २००९ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हॉलंडातील पाणी-मंडळे तेराव्या शतकापासून समुद्रबांध राखीत आली आहेत, आणि आजही ती लोकनियुक्त संस्था म्हणून जिवंत आहेत. म्हणजे बांधापेक्षाही बांधाभोवतीची मंडळी ही अधिक मोलाची रचना आहे, आणि तिची निगा मातीइतकीच राखावी लागते.

आमच्याकडे नेमके हेच झाले नाही. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने त्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि १९७९ च्या कायद्याने खारभूमी विकासाचे काम नव्याने राज्याकडे आले. हेतू चांगला होता. मोठे काठे दगडांनी बांधणे गावाच्या ऐपतीबाहेरचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु काठा सरकारचा झाला तसा काठ्यावरचा हात सैल पडला. पूर्वी खांड दिसली की हाक जात असे. पुढे अर्ज जाऊ लागला. अर्जास तारीख असते, भरतीस ती आधीच ठरलेली असते, आणि या दोन तारखा क्वचितच जुळतात. आज पेण-अलिबागच्या खाडीकाठी कित्येक खारी अशा आहेत की, जेथे खांडीतून पाणी आत येऊन राहिले, भात गेले आणि शेतात कांदळवन उभे राहिले. कांदळवनही किनाऱ्यास हवेच आहे. पण ते काठ्याबाहेर असावे, एवढेच तेथील शेतकऱ्याचे म्हणणे. समुद्राची पातळी जगभर वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत असता हा प्रश्न केवळ काही गावांचा राहिलेला नाही.

पैसा सरकारने द्यावा, शास्त्र स्थापत्यविशारदांनी द्यावे. परंतु पहारा, हाक आणि नियम ही तिन्ही ज्यांची शेते आत आहेत त्यांच्या हाती परत गेली पाहिजेत, आणि या खेपेस त्या बैठकीत भूमिहीनास व स्त्रीसही जागा असली पाहिजे, असे आमचे मत आहे. हे काम राज्यकर्त्यांचे व गावांचे आहे. टीकाकाराचे काम त्याहून लहान, पण त्याच दिशेचे आहे. ज्या गोष्टीची थोरवी आपण शब्दांत मान्य करीत नाही, ती गमावताना आपणांस हळहळही वाटत नाही. खारेपाटाच्या काठ्याचा कर्ता शोधीत बसलो म्हणून काठा रचिणारी बुद्धी आमच्या नजरेतून निसटली. ती बुद्धी कोणा एकाच्या मस्तकात नव्हती म्हणून ती कमी प्रतीची होती असे नव्हे. काव्य, नाट्य, शिल्प यांचे गुणदोष पाहण्यास जी दृष्टी आम्ही कमाविली आहे, तीच एकदा या चिखलाच्या भिंतीकडे आणि चरीच्या न नांगरलेल्या शेतांकडे वळवावी, एवढीच आमच्या टीकाकार बंधुभगिनींस विनंती आहे.